हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर एक वर्ष वापरलं, आता रिन्यूअलच्या आधी खरं खरं लिहिते

परवा कंपनीकडून फोन आला, मॅडम तुमचं एक वर्ष होऊन गेलं, रिन्यूअलचं लक्षात आहे ना, आणि जमलं तर एक छानसा रिव्ह्यू पण टाका. छानसा होईल का ते माहीत नाही पण टाकते. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, एक तर अजून त्यांच्याशीच संसार करायचाय, आणि दुसरं म्हणजे घ्यायच्या आधी मी जे चार डेमो बघितले ते सगळे एकाच माळेचे मणी होते. रेटिंग पाचपैकी तीन. सॉफ्टवेअरला चार, ट्रेनिंगला दोन, सरासरी काढली की तीनच येतात.

आधी आम्ही कोण ते सांगते म्हणजे अंदाज येईल. पंढरपुरात आमचं २२ खाटांचं हॉस्पिटल आहे. आमचे हे गायनॅक, धाकटे दीर फिजिशियन, मी बीकॉम, लग्न होऊन आले तेव्हा सासरे म्हणाले होते दोन दिवस जरा काउंटर बघ, ते दोन दिवस अजून चालूच आहेत. सिस्टर, ब्रदर, मावशी, मेडिकलवाले, लॅबवाला सगळे धरून १९ जण. आणि कंपाउंडर काका, जे सासऱ्यांच्या काळापासून आहेत आणि ज्यांना वाटतं की हॉस्पिटल त्यांचं आहे, आम्ही फक्त डॉक्टर पुरवतो.

सॉफ्टवेअर यायच्या आधी केसपेपरची लाकडी मांडणी होती. काकांनी ती नावाप्रमाणे नाही, गावाप्रमाणे लावलेली. करकंब, भाळवणी, कासेगाव, तुंगत, आणि एक मोठा कप्पा नुसता 'वारी' म्हणून, ज्यात दरवर्षी आषाढीला येणारे बाहेरगावचे लोक. पेशंट दारात चप्पल काढेपर्यंत त्याचा केसपेपर काकांच्या हातात असायचा, वर विचारायचे पण, 'काय आबा, मागच्या खेपेला शुगर तीनशे होती, पुन्हा केळी खाल्ली का?' असं सर्च जगातलं कुठलंच सॉफ्टवेअर देत नाही हे मी आधीच कबूल करते.

मग बदललं कशाला? तर काका जगातले एकच आहेत आणि त्यांना पण सुट्टी लागते. एकदा नातीच्या लग्नाला आठ दिवस गेले तर आम्हाला एक केसपेपर सापडेना, लोकांना 'तुमचं गाव कुठलं, माहेरचं का सासरचं' असं विचारत बसलो. दुसरं कारण कॅशलेस विमा. पूर्वी विम्याचा पेशंट क्वचित यायचा, आता एमआयडीसीतल्या पोरांचे आईवडील पॉलिसी घेऊनच येतात आणि टीपीएवाल्यांना (म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्यांना) सगळं टाईप केलेलं, वेळेसकट, तारखेसकट, स्कॅन करून पाहिजे. तिसरं कारण मेडिकलचा स्टॉक, त्यावर पुढे बोलते.

किंमत पहिल्या वर्षाला ४२ हजार अधिक १८ टक्के जीएसटी. इथे छोट्या हॉस्पिटलवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्या. पेशंटच्या उपचारावर जीएसटी नाही ही चांगलीच गोष्ट, पण त्यामुळे आपण सॉफ्टवेअरवर भरलेला जीएसटी कुठे वजा पण करता येत नाही. कारखानदार ते क्रेडिट घेतो, आपण नाही. म्हणजे डेमोवाला '४२ हजार प्लस टॅक्स' असं पटकन म्हणून पुढे जातो ते तुमचे ४९,५६० असतात. वर दोन कॉम्प्युटर, थर्मल प्रिंटर, बारकोड गन, यूपीएस, आणि राऊटर दोनदा, कारण पहिला राऊटर एक्सरे रूमच्या भिंतीपलीकडे बसवला आणि रेंज काही वॉर्डात पोचेना.

आता चांगलं काय ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती रडगाणी गाते.

मेडिकलचा स्टॉक. इथे सॉफ्टवेअरने पैसे वसूल केले. पूर्वी एक्स्पायरीची औषधं वर्षाला एक पोतं निघायची, आता ९० दिवस आधी यादी येते, माल परत जातो. एच-वन औषधांचं रजिस्टर, म्हणजे ती भारी अँटीबायोटिक आणि टीबीची वगैरे औषधं, कुणी लिहून दिली, कुणाला दिली, किती दिली, हे वेगळं लिहून तीन वर्षं सांभाळावं लागतं, ते आता बिलाबरोबर आपोआप बनतं. आधी मेडिकलवाला महिनाअखेरीला आठवून आठवून भरायचा, खोटं कशाला बोलू. आणि प्रिस्क्रिप्शन छापील येतं. डॉक्टरांनी सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहावं असं २०१६ पासून नियमातच आहे पण आमच्या दिरांचं अक्षर म्हणजे मुंगीने शाईत पाय बुडवून काढलेली रांगोळी, बाहेरच्या मेडिकलवाल्यांचे दिवसाला पाच-सहा फोन यायचे हे काय आहे म्हणून, ते बंद झाले.

आणि गेल्या सप्टेंबरचं श्रेय द्यायलाच पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आठवतंय ना, काही औषधांवरचा तर शून्यच. आदल्या रात्री कंपनीने अपडेट टाकलं, सकाळी बिलं बरोबर. गडबड जी झाली ती त्यांची नव्हती, स्ट्रिपवर जुनी किंमत छापलेली आणि बिलात नवी कमी, तर लोक उलट संशयाने विचारायला लागले 'मॅडम, गोळी डुप्लिकेट आहे का?' स्वस्त दिलं तरी भांडण. कंपन्यांच्या नव्या रेटच्या याद्या प्रिंट मारून काचेवर चिकटवल्या तेव्हा कुठे शांतता झाली.

तर मशीन चांगलं आहे. आता माणसांकडे येते.

ट्रेनिंग म्हणजे काय तर एका रविवारी सकाळी पुण्याहून एक मुलगा आला. नम्र होता, हुशार होता, पण रात्री दोन वाजता वॉर्ड कसा दिसतो ते त्याने बघितलेलं नव्हतं. तीन तासांत २८ स्क्रीन दाखवले, अर्धं हिंदी अर्धं इंग्लिश. नाईट करून आलेल्या दोन सिस्टर तशाच बसवलेल्या, एक चक्क भिंतीला टेकून झोपली. शेवटी 'एनी डाउट्स?' म्हणाला तर सगळे गप्प. फक्त आमच्या वॉर्डच्या मावशींनी हात वर केला, 'दादा, सलाईन संपत आलं हे यात कुठं दिसतं?' पोरगा हसला, म्हणाला मावशी ते तुम्हालाच बघावं लागणार. मावशी म्हणाल्या, 'मग यात सिस्टरचं तोंड स्क्रीनकडं असणार, सलाईनकडं कोण बघणार?' त्या २८ स्क्रीनमधला मला आठवणारा प्रश्न हा एकच. उत्तर कुणाकडेच नव्हतं, माझ्याकडे पण नाही. मावशींकडे एक जास्तीची चक्कर मारायचं काम दिलंय, बस.

जाताना ८४ पानांची इंग्लिश पीडीएफ देऊन गेला.

मला वाटलं होतं आपला स्टाफ तसा तयार आहे. १९ पैकी ११ जणांकडे एमएससीआयटीचं सर्टिफिकेट आहे, २००१ पासून तो कोर्स गावोगावी चालू आहे, सरकारी नोकरीची आशा असणारा प्रत्येक जण करतो, आमच्या एका सिस्टरच्या घरी तर ते फ्रेम करून देवघराशेजारी लावलंय. पण तिथे चूक झाली की अन्डू करता येतं. इथे डिस्चार्जचं बिल चुकून फायनल झालं की लॉक, आणि अनलॉक करायला पुण्याला फोन, फोनवर गाणं, मग टिकीट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर. आणि प्रत्येक नोंदीपुढे लॉगिनवाल्याचं नाव छापून येतं. मग काय झालं असेल सांगा? सगळ्यांनी आपापला पासवर्ड 'विसरून' टाकला आणि काउंटरवरच्या पोरीच्या लॉगिनने कामं सुरू केली. मार्चचा रिपोर्ट काढला तर त्या एकट्या पोरीने सलग १७ दिवस चोवीस तास ड्युटी केलेली, त्यात दोन डिलिव्हरी पण तिच्याच नावावर.

मी ओरडले. मग रात्री विचार केला की ओरडून काय उपयोग. कागदावर सिस्टर चुकली तर एक रेघ मारून बाजूला सही करायची, विषय संपला. इथे चूक म्हणजे पोलीस केस असल्यासारखं लाल अक्षरात येतं. घाबरणारच ना माणूस.

नाईटच्या सिस्टरची गोष्ट तर टीपीएने शिकवली. एक क्लेम अडकला, क्वेरी आली की पेशंटचं रात्रभराचं बीपी, पल्स, टेंपरेचर सगळं सकाळी ६:४० लाच कसं काय? बघितलं तर खरंच, तीन रात्रींचं सगळं ६:४०, ६:४१, ६:४२. सिस्टर खोटं नव्हती बोलत. ती दर चार तासाला बीपी घेतच होती, पण वॉर्डापासून कॉम्प्युटर ४० पावलं लांब, मध्ये एक बाळंतीण ओरडतेय, मग ती कापसाच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवायची आणि सकाळी चहा झाल्यावर बसून एकदम भरायची. सॉफ्टवेअरने वेळ टाकली भरायची, घ्यायची नाही. वेळ मागे घेऊन टाकायची सोय आहे बरं का, तिसऱ्या मेनूत, पण ते २८ स्क्रीनमधल्या बाविसाव्या स्क्रीनवर होतं आणि तेव्हा ती भिंतीला टेकून झोपली होती. आम्ही तो पुठ्ठा स्कॅन करून पाठवला! क्लेम पास झाला. आता जुना टीपीआर चार्ट (ताप, पल्स, श्वास लिहायचा कागद) पुन्हा पलंगाला लावलाय आणि त्यावरून वेळेसकट भरतात, म्हणजे दोनदा काम. टॅबलेट घ्या म्हणाली कंपनी. घेऊ, पण २२ खाटांत तो कोणाच्या सलाईनच्या स्टँडला बांधायचा ते आधी ठरू दे.

नावांचं सांगते, हे त्रासदायक प्रकरण. पेशंट इंग्लिशमध्ये भरायचा. ज्ञानेश्वर. आता लिहा बघू. डी-एन-वाय, डी-एन-ए, जी-वाय, जे-एन, चार जणांनी चार तऱ्हेने लिहिलं. आमच्याकडे भाळवणीचे एक ज्ञानेश्वर तात्या आहेत, सहा महिन्यांत त्यांचे तीन पेशंट झाले, एकाला शुगर आहे, एकाला नाही आणि एकाची नुसती दाढ दुखतेय. तिन्ही तात्याच. मग कंपनी म्हणाली मोबाईल नंबरने शोधा. अहो पण गावाकडे नंबर घरटी एक असतो, मुलाचा. आई, वडील, बायको, दोन पोरं सगळे एकाच नंबरवर, आणि मुलाने रिचार्जची स्कीम बघून सिम बदललं की सगळं कुटुंब गायब. शेवटी काकांनी तोडगा काढला, आडनावाच्या रकान्यात आडनावापुढे गाव टाकायचं. म्हणजे काकांची लाकडी मांडणीच आत गेली.

काका सुरुवातीला कॉम्प्युटरला शिवायचे नाहीत. 'वहिनी, माझं वय झालं.' वय वगैरे काही नाही, मोबाईलवर कीर्तन बरोबर लावतात. मग मी गुरुवारी दुपारी तीन ते चार, ओपीडी बंद असते तेव्हा, शिकवणी सुरू केली. दोन नियम केले, त्या तासाचे पैसे मिळणार, आणि नाईटवालीला त्या दिवशी बोलवायचं नाही, तिचा तास तिच्या ड्युटीत. खऱ्या पेशंटवर हात बसवायला कुणी धजेना म्हणून खोटा पेशंट तयार केला. नाव विठ्ठल, वय २८ (पंढरपुरात दुसरं कुठलं टाकणार), पत्ता चंद्रभागा वाळवंट, तक्रार फार वेळ उभं राहून पाय दुखतात. काकांना हे भलतंच आवडलं. रोज पांडुरंगाला ॲडमिट करायचे, सलाईन लावायचे, डिस्चार्ज द्यायचे, बिलात शंभर टक्के सवलत. महिनाअखेरीला दिरांनी रिपोर्ट बघून विचारलं हा कोण पेशंट १४ वेळा ॲडमिट झालाय आणि एक रुपया नाही दिला? त्यानंतर कंपनीला फोन करून कळलं की सरावासाठी वेगळी कोरी प्रत असते, ती मागितली तर मिळते. मागितली तर! पहिल्या दिवशी का देत नाही हो? माझं म्हणणं विचाराल तर डेमो बघताना पहिला प्रश्न हाच विचारा, सरावाची प्रत आहे का आणि ती किती दिवस चालू राहील.

खरं मॅन्युअल मात्र काउंटरवरच्या पोरीने बनवलं. २०० पानी वही, मराठीत, बटणांची चित्रं पेनाने काढून. 'डिस्चार्ज करताना आधी मेडिकल क्लिअर, मग लॅब क्लिअर, मग फायनल. फायनल दाबायच्या आधी मॅडमला हाक मार.' एका पानावर नुसतं, 'स्क्रीन पांढरी झाली तर घाबरू नको, एफ ५.' मी ती वही कंपनीच्या मुलाला व्हॉट्सॲप केली, म्हणाला मॅडम सुपर, आमच्या टीमला दाखवतो.

ती पोरगी डिसेंबरात गेली. पुण्यात मोठ्या हॉस्पिटलमध्ये लागली, मुलाखतीत विचारलं कुठलं सॉफ्टवेअर येतं, हिने सांगितलं सगळं येतं. आमच्याकडे ११ हजार होते, तिथे १९. माझ्या जावेने तोंड वाकडं केलं, शिकवा आणि घालवा. मला राग आला होता पण तिच्यावर नाही, मी तिला ११ हजारातच ठेवून वर्षभर १९ हजारांचं काम करून घेत होते हे मला तिच्या राजीनाम्याने सांगितलं. नव्या मुलीला १४ दिलेत. वही आहे म्हणून ती दहा दिवसांत तयार झाली, पीडीएफ अजून कुणीच उघडलेली नाही.

आषाढीचं राहिलं. २०२५ ची एकादशी ६ जुलैला, रविवारी. ज्यांनी पंढरपूर आषाढीत बघितलंय त्यांना सांगायला नको, वाखरीहून पालख्या निघाल्या की गावात मुंगीला जागा नसते आणि मोबाईलची रेंज तर देवाच्याच भरवशावर. आमचं सॉफ्टवेअर क्लाउडवरचं. शनिवारी दुपारी केबल कुठेतरी तुटली, डोंगल लावला तर तो फिरतोय गोल गोल, बाहेर जुलाब, चक्कर, पायाला फोड, बीपी, रांग गेटपर्यंत. दहा मिनिटं मी स्क्रीनकडे बघत बसले, मग काका काही न बोलता आतून जुनं पावती पुस्तक आणि कार्बन पेपर घेऊन आले. कुठे ठेवलं होतं विचारलं तर म्हणाले, 'पडू दे म्हटलं, खातंय का काय?' दोन दिवस सगळं हाताने. नंतर ३०० च्या वर केसपेपर परत आत भरायला तीन रात्री गेल्या.

याला मी कंपनीची चूक म्हणत नाही. दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्यात बंद पडले होते तेव्हा एवढ्या मोठ्या ठिकाणी सुद्धा दोन आठवड्यांच्या आसपास हातानेच कामं चालली होती, आपण कोण. पण ऑफलाईन चालेल का असं मी डेमोत विचारलं होतं आणि उत्तर 'हो मॅडम' असं होतं. ते 'हो' म्हणजे जुना डेटा बघता येईल, नवीन पेशंट घालता येणार नाही, हे आषाढीत कळलं. प्रश्न विचारताना नुसतं चालेल का विचारू नका, समोर वायर काढायला लावा आणि म्हणा आता एक पेशंट ॲडमिट करून दाखव.

आता १ जानेवारीची गोष्ट. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, गुरुजींची कृपा. सॉफ्टवेअरने त्यात भर घातली. पेशंटला जन्मतारीख माहीत नसते, आपण वय टाकतो ६५, मग ते स्वतःच त्या वर्षाची १ जानेवारी धरतं. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे मेसेज आपोआप चालू असतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तर यंदा १ जानेवारीला सकाळी नऊ वाजता आमच्या हॉस्पिटलकडून शेकडो लोकांना हॅपी बर्थडे गेलं, फुगे आणि केकच्या चित्रासकट. लोक हसले, काहींनी फोन करून थँक्यू पण म्हटलं. आणि दुपारी कासेगावचा एक मुलगा आला, फोन पुढे धरला. त्याच्या आईला आम्ही ऑक्टोबरात सोलापूरला हलवलं होतं, तिथे ती गेली. मेसेज तिच्या नावाने, त्याच्या मोबाईलवर. भांडला नाही. म्हणाला, 'मॅडम, एवढं नाव काढून टाका.' मी काउंटरमागून उठून बाहेर आले, काय बोलावं कळेना, पाणी दिलं. मेसेजचं बटण त्याच दुपारी बंद केलं. हे बटण कारखान्यातूनच चालू का पाठवता, याचं उत्तर मला कंपनीकडून अजून मिळालेलं नाही. 'एंगेजमेंटसाठी', म्हणजे पेशंट आपल्याशी जोडलेले राहावेत म्हणून, असं एकदा म्हणाला कंपनीचा मुलगा.

सरकारी बाजूचं थोडक्यात, कारण त्यावर लिहायला बसले तर दुसरा दिवस उजाडेल. एकच बाई सोनोग्राफीला आली की तिचं नाव आमच्या सॉफ्टवेअरमध्ये, मग फॉर्म एफमध्ये, म्हणजे सोनोग्राफीसाठी कायद्याने भरायच्या फॉर्ममध्ये, ज्यात काना-मात्रेची चूक पण महागात पडते आणि महिन्याचा रिपोर्ट पाच तारखेच्या आत द्यायचा असतो, डिलिव्हरी झाली की जन्मनोंदणीच्या पोर्टलवर, २१ दिवसांत. दिरांकडे टीबीचा पेशंट निघाला की निक्षयवर, म्हणजे टीबीच्या सरकारी पोर्टलवर. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, पासवर्ड वेगळा, ओटीपी कुणाच्या तरी मोबाईलवर आणि तो माणूस जेवायला गेलेला. डेमोत 'सगळ्या पोर्टलला जोडलेलं आहे' म्हणाले होते, जोडलेलं म्हणजे त्या साइटची लिंक दिलेली आहे, दाबलं की साइट उघडते.

आभा कार्डाचं (सरकारी आरोग्य ओळखपत्राचं) मात्र चालतंय, अर्धवट. सप्टेंबर २०२१ मध्ये योजना देशभर आली, १४ आकडी नंबर, काउंटरवर क्यूआर लावलाय, पेशंटने स्कॅन केलं की नाव-पत्ता आपोआप येतं आणि टोकन मिळतं. तरुण पोरं पटकन करतात. आजी आल्या की ओटीपी चाकणला, मुलाच्या मोबाईलवर. मुलगा कंपनीत, फोन लॉकरमध्ये. आजी वाट बघतात, मागे रांग. मग काका म्हणतात, 'आजी, गाव कुठलं?' आणि काम पुढे सरकतं.

डेटाचं एक सांगते, हे जरा गांभीर्याने वाचा. रिन्यूअल करायचं की नाही ठरवायच्या आधी मी म्हटलं आमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये द्या. तर म्हणे सर्व्हिस चार्ज लागेल, आठ हजार. अहो डेटा आमच्या पेशंटचा! इनडोअर पेशंटचे कागद तीन वर्षं सांभाळायचे आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे ही जबाबदारी डॉक्टरांवर २००२ च्या नियमांपासून आहे, कंपनीवर नाही. दोन आठवडे फोनवर गाणं ऐकलं, शेवटी आठ हजार माफ केले आणि दर महिन्याला बॅकअप देऊ असं मेलवर लिहून घेतलं. तोंडी घेऊ नका. करारातच घाला.

तर रिन्यूअल केलं का? केलं. परत कागदावर जायची माझी तयारी नाही आणि काकांची पण नाही, आता तेच नव्या मुलीला रागावतात 'बॅच नंबर न बघता बिल मारलंस होय?' १४ हजार अधिक जीएसटी भरले. पण अट घातली की या वर्षात तीनदा माणूस येणार, प्रत्यक्ष, आणि त्यातलं एक ट्रेनिंग रात्री, नाईटच्या स्टाफबरोबर, वॉर्डात. कंपनीचा मुलगा म्हणाला ऑनलाईन सेशन घेऊ, लिंक पाठवतो. मी म्हटलं लिंक नको, जेवायला या, मुक्कामाची सोय करते. बघू, पुढच्या महिन्यात यायचं कबूल केलंय. रात्रीचं ट्रेनिंग ही कल्पना त्यांना फार विचित्र वाटली, 'मॅडम असं कुणी मागत नाही' म्हणाला.

छोटं हॉस्पिटल असेल, पाच-दहा लोकांचा स्टाफ, तर घ्या, मेडिकलसाठी तरी घ्याच. फक्त सॉफ्टवेअरला जेवढे पैसे लावाल तेवढेच स्टाफच्या शिकण्याला बाजूला काढा, नाहीतर पहिले सहा महिने आमच्यासारखी दुहेरी खतावणी चालेल.

बाकी एक तक्रार अजून उघडी आहे. डिस्चार्ज कार्डावर औषधं कशी घ्यायची ते मराठीत छापून पाहिजे, सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधी-जेवणानंतर. आत्ता इंग्लिशमध्ये येतं आणि सिस्टर प्रत्येक कार्डावर पेनाने मराठीत लिहून देते, गोळीपुढे सूर्य आणि चंद्र काढून. टिकीट ऑक्टोबरात टाकलंय, अजून 'इन प्रोग्रेस' दाखवतंय. झालं की इथेच येऊन अर्धा स्टार वाढवते.